गाडीचे गाव कोणते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नवी गाडी घ्यायला निघालेला आपल्याकडचा माणूस शोरूममध्ये शिरल्यावर पहिली गोष्ट कोणती करतो? तो गाडीचे दार उघडतो आणि लावतो. पुन्हा उघडतो, पुन्हा लावतो. बरोबर आलेला मेहुणा कान देऊन ऐकत असतो. ‘धप्’ असा भरीव आवाज आला की दोघेही एकमेकांकडे बघून मान डोलावतात. ‘खण्’ असा पत्र्याचा आवाज आला की मेहुणा म्हणतो, “डबा आहे, दाजी!” मग घरी येईपर्यंत चर्चा रंगते. जर्मन गाडी म्हणजे रणगाडा. जपानी गाडी म्हणजे कटकट नाही. कोरियन गाडीत सोयी भरपूर. अमेरिकन गाडी पेट्रोल पिते. आणि आपली देशी गाडी? “मजबूत आहे हो, पण फिनिशिंग नाही.”

श्रोतेहो, ही मते आपल्याकडे इतकी पक्की बसली आहेत की ती कुणी तपासून पाहात नाही. आज ती तपासायची आहेत, आणि त्यासाठी जर्मनीला किंवा जपानला जाण्याची गरज नाही. पुण्याहून मुंबई रस्त्याने निघावे, दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी करीत निगडीपर्यंत जावे. तिथून वळून भोसरी, मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकण गाठावे. या एवढ्या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत जर्मन, ब्रिटिश, इटालियन आणि देशी नावांची वाहने तयार झाली. शेजारच्या तळेगावात अमेरिकन गाड्याही बनल्या. हवा तीच, वीज तीच आणि यंत्रावर उभा असलेला माणूसही बहुधा तोच: मावळातला, खेडचा, लातूरचा, सोलापूरचा. मग एक गाडी चांगली आणि दुसरी वाईट का निघते? दर्जा देशाचा असतो की आणखी कशाचा, हे तपासायला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

शिक्का कलंकाचा आणि मानाचा

आधी थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. ‘जर्मनीत तयार झालेले’ हे शब्द आज मानाचे वाटतात. पण ते वस्तूंवर लिहायला लावले ते इंग्रजांनी, आणि तेही जर्मनांचा मान वाढावा म्हणून नव्हे. १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने व्यापारी चिन्हांविषयी कायदा केला. परदेशातून आलेल्या मालावर मूळ देशाचे नाव हवे, असे त्यात बंधन होते. हलका जर्मन माल ब्रिटिश म्हणून खपवला जातो, ग्राहकाने तो ओळखावा आणि टाळावा, हा त्यामागचा हेतू. जर्मन कारखानदारांनी माल सुधारला, आणि काही वर्षांतच कलंकाचा तो शिक्का खात्रीचा शिक्का झाला.

जपानचेही तसेच. टोयोटाने १९५७ साली ‘टोयोपेट क्राउन’ ही आपली गाडी अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांवर ती टिकाऊ होती. अमेरिकेच्या लांबच लांब महामार्गांवर वेगाने पळवताच तिची दमछाक झाली. काही वर्षांतच ती तिथून मागे घ्यावी लागली. त्याआधी, १९५० साली, डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानमध्ये व्याख्याने देऊन गेले होते. माल तयार झाल्यावर त्यातला वाईट माल वेगळा काढण्यापेक्षा वाईट माल तयारच होऊ नये अशी कामाची पद्धत बसवा, हे त्यांचे सांगणे. अमेरिकन कारखान्यांनी ते फारसे मनावर घेतले नाही, जपान्यांनी घेतले. १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिकही सुरू केले. पुढे वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकन ग्राहकच जपानी गाडीसाठी रांग लावू लागला.

कोरियाची गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखतची. ह्युंदाईने १९८६ साली ‘एक्सेल’ ही स्वस्त गाडी अमेरिकेत आणली. पहिल्या वर्षी ती भरपूर खपली आणि नंतर तिच्या दर्जावर विनोद होऊ लागले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच कंपनीने इंजिन व गिअरबॉक्ससाठी दहा वर्षांची हमी जाहीर केली. अशी हमी देऊन गाडी वाईट निघाली असती तर कंपनी बुडाली असती. म्हणजे हमी पाळायची तर आधी कारखाना सुधारणे भाग होते.

या तिन्ही गोष्टींचे सार एवढेच की गाडीचा दर्जा ही काही एखाद्या देशाच्या मातीत उगवणारी गोष्ट नाही. पंचवीस-तीस वर्षांत ती येऊ शकते, आणि तेवढ्याच काळात जाऊही शकते.

रांगेतला गिऱ्हाईक

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरची चार दशके दर्जाची तुलना करायला वावच नव्हता. बाजारात मुख्यतः दोनच गाड्या. एक अँबॅसेडर, म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. दुसरी फियाट, म्हणजे मुंबईत कुर्ल्याला बनणारी इटलीची अकराशे. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिसरी स्टँडर्ड हेरल्ड, अधूनमधून दिसणारी. वाड्यात किंवा चाळीत वाद रंगायचे ते अँबॅसेडर बरी की फियाट बरी यावर. अँबॅसेडरमध्ये माणसे जास्त बसतात, फियाट वळायला हलकी. दोघींचे मूळ आराखडे १९५० च्या दशकातले.

किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे आणि मागणी त्यापेक्षा खूप जास्त. गाडी नोंदवली की वर्षानुवर्षे वाट पाहायची. अशा वेळी गाडीच्या दारातून पावसाचे पाणी आत आले म्हणून तक्रार कोण करणार? तुम्ही नको म्हणालात तर मागे रांगेत दुसरा उभाच होता. त्या गाड्या वाईट होत्या असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. कुठल्याही गावातला मेकॅनिक त्या पान्या-पकडीने दुरुस्त करू शके, आणि हाही एक दर्जाच आहे. पण सुधारण्याची सक्ती मात्र कुणावरच नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये सुझुकीच्या साहाय्याने बनलेली मारुती ८०० रस्त्यावर आली. सकाळी किल्ली फिरवताच सुरू होणारी गाडी असू शकते, हे मध्यमवर्गाला तेव्हा कळले. ‘जपानी म्हणजे कटकट नाही’ हे मत त्या दिवसांपासूनचे.

साच्याची शाळा

याच काळात पिंपरी-चिंचवडमध्ये काय चालले होते? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानावर कारखान्यांची आखणी होऊ लागली. बजाजने आकुर्डीत इटलीच्या पियाजिओच्या साहाय्याने स्कूटर बनवल्या. १९७१ मध्ये तो करार संपला आणि लगेच स्वतःच्या नावाची ‘चेतक’ आली. फिरोदियांनी १९५८ साली हँबुर्गजवळच्या टेम्पो कंपनीच्या साहाय्याने तीन चाकी मालगाडी सुरू केली, आणि तिचा कारखाना पुढे आकुर्डीला आला. ती गाडी जर्मनीत बंद झाली तरी आपल्याकडे कित्येक दशके चालली. इतकी की, ‘टेम्पो’ हा मराठी शब्दच झाला. आज कुणी घर बदलताना ‘टेम्पो बोलावला’ म्हणतो, तेव्हा आपण एका जर्मन कंपनीचे नाव घेतो आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

या सगळ्यात टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, कथा दर्जाच्या दृष्टीने मोलाची आहे. जमशेदपूरला या कंपनीने १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवले आणि १९६९ मध्ये तो करार संपला. पुण्याजवळचा कारखाना उभा राहू लागला तो १९६६ पासून, सुमंत मुळगावकर यांच्या दृष्टीतून. आता हे साल लक्षात ठेवा: या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधली अकरा वर्षे काय केले? यंत्रे बनवणारी यंत्रे बनवली. पत्रा दाबण्याचे साचे, फिक्श्चर, हत्यारे बनवली, आणि ती बनवणारी मुले शिकवून तयार केली.

सामान्य ग्राहकाला हे कंटाळवाणे वाटेल. पण आपल्या दाराच्या आवाजाचा उगम इथेच आहे. गाडीचे दार म्हणजे दोन पत्रे. बाहेरचा आणि आतला पत्रा प्रचंड प्रेसमध्ये साच्यावर दाबून आकाराला येतात आणि कडा दुमडून एकमेकांत बसवतात. साचा केसभर चुकला तर प्रत्येक दार केसभर चुकते. मग बिजागरी ओढून बसवावी लागते, कडेची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, रबरी पट्टी नीट दाबली जात नाही, पाणी झिरपते आणि दार लावताना ‘खण्’ आवाज येतो. ‘फिनिशिंग नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा कुठेतरी साचा, फिक्श्चर किंवा मोजमाप चुकलेले असते.

माझ्या परिचयाचे चिंचवडचे एक गृहस्थ आयुष्यभर इन्स्पेक्शनला होते. ते म्हणायचे, “आम्ही शिकलो तेव्हा पार्ट चांगला की वाईट हे शेवटी ठरायचे. गेज लावायचे, बसला तर पास, नाही तर भंगारात. पुढे आम्हाला उलटे शिकवले. भंगारात टाकलेला पार्ट हा पार्टचा दोष नाही, मशीन कालपासून सरकत होते आणि कुणी पाहिले नाही, हा दोष.” डेमिंग यांनी जपानमध्ये सांगितले ते हेच. भोसरीच्या एखाद्या गाळ्यात दोन लेथ टाकून बसलेल्या उद्योजकालाही १९९० नंतर ही भाषा शिकावी लागली. पूर्वी शेकडा किती माल नापास झाला ते मोजत. नंतर दहा लाखांत किती नापास, असा हिशेब आला. ही शिस्त अंगी नसेल तर मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळत नसे. मालकाने ती आपल्या मर्जीने घेतली असे थोडेच होते. पण घेतली, आणि पट्ट्याचे पुढचे सगळे त्यावर उभे राहिले.

एकाच कुंपणातल्या दोन गाड्या

उदारीकरणानंतर १९९५ साली टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझची मोटार पिंपरीत तयार होऊ लागली. टेल्कोच्या आवारातच तिची जुळणी होई. त्याच सुमारास टेल्कोची ‘सुमो’ही पुण्यातूनच देशभर जात होती. मुळगावकरांच्या नावातील अक्षरे जोडून हे नाव ठेवले गेले, हे आता सर्वांना माहीत आहे. एकाच शहरात एकीकडे जर्मन दर्जाची परमावधी आणि दुसरीकडे दहा-बारा माणसे कोंबून खेडोपाडी धावणारी सुमो.

यात चांगली कोणती? मर्सिडीजच्या दाराचा आवाज ऐकून मेहुणा खूष झाला असता यात शंका नाही. पण दुष्काळी भागातल्या खड्ड्यांतून, भेसळीच्या डिझेलवर, तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होत वर्षानुवर्षे चालायचे, या परीक्षेत सुमोला जास्त गुण मिळाले असते. शिवाय आणखी एक गंमत. १९९५ साली आपल्याकडे जी मर्सिडीज बनू लागली, तिच्या पुढची पिढी त्याच वर्षी युरोपात आली होती. जर्मनीत निरोप घेणारी गाडी इथे नवी म्हणून विकली जात होती. ती गाडी भक्कम होती, याबद्दल दुमत नाही. पण ‘जर्मन दर्जा’ या शब्दांत ‘जर्मन ग्राहकाला मिळतो तोच’ असा अर्थ आपोआप येत नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते.

उलटी गंमतही आहे. ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या, शेंद्रा वसाहतीत जुळवल्या जात. या कंपनीच्या भारतातील तेव्हाच्या प्रमुखांनी २०१२ मध्ये सांगितले होते की युरोपातला हॉर्न इथे आठवडा-दोन आठवड्यांत बाद होईल. जर्मन माणूस वर्षभरात जेवढा हॉर्न वाजवतो तेवढा मुंबईकर एका दिवसात वाजवतो. म्हणून भारतासाठी वेगळा, दणकट हॉर्न बनवावा लागला. तेव्हा दर्जाची तुलना करताना पहिला प्रश्न असा: कुठल्या रस्त्यावर, कुणाच्या हातात आणि कशासाठी?

इंडिका इंग्लंडला जाते

यानंतरचे प्रकरण इंडिकाचे. संपूर्ण देशी मोटार बनवायची, असे टाटांनी ठरवले. ‘देशी’ या शब्दाचा अर्थ मात्र सरळ नव्हता. बाह्यरूपाचे काम इटलीत तुरिनच्या आयडिया या संस्थेबरोबर झाले. इंजिनासाठी फ्रेंच तज्ज्ञांचे साहाय्य घेतले. गाडी जुळवण्याची लाइन आली ती ऑस्ट्रेलियातून. तिथला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून जहाजाने पुण्याला आणला. डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आली आणि तिच्यावर उड्या पडल्या. पाठोपाठ तक्रारीही आल्या. कंपनीने त्या झटकून टाकल्या नाहीत. दोष शोधले, भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही-टू’ आणली. पुढे हीच गाडी देशभरच्या टॅक्सीवाल्यांची लाडकी झाली. टॅक्सीवाला दाराचा आवाज ऐकत नाही, किलोमीटरमागे खर्च किती तो पाहतो.

इथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. २००३ साली काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. ब्रिटनची एमजी रोव्हर कंपनी अडचणीत होती. नवी छोटी गाडी बनवायला तिच्याकडे पैसा नव्हता. तिने इंडिका घेतली. पुण्यात बनलेली गाडी, पुढची जाळी, नावपट्टी आणि सस्पेन्शनमध्ये काही बदल करून, ‘सिटीरोव्हर’ या नावाने इंग्लंडच्या शोरूममध्ये उभी राहिली. पुण्याहून मोटार इंग्लंडला जाते आणि ती ब्रिटिश नावाने विकली जाते, ही अभिमानाची गोष्ट होती. पण तिथल्या समीक्षकांनी तिच्यावर कडक टीका केली. आतले प्लॅस्टिक हलके, सोयी कमी आणि त्या मानाने किंमत फार, असे त्यांचे म्हणणे. गाडी खपली नाही. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हरच कोसळली. त्याची कारणे मोठी आणि जुनी होती, सिटीरोव्हर त्यातली एक छोटी रेघ.

या गाडीने आपल्याला एक धडा दिला. नावपट्टी ब्रिटिश लावली म्हणून इंडिका ब्रिटिश झाली नाही. आणि खरे सांगायचे तर ब्रिटिश नावातही तेव्हा फारसा दम उरला नव्हता. आपल्या रस्त्यावर स्वस्त, ऐसपैस आणि कामसू ठरलेली गाडी तिथे मात्र महाग आणि साधी ठरली. गाडी तीच, परीक्षा बदलली.

पुढचा फेरा विलक्षण आहे. २००८ मध्ये टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर या ब्रिटिश कंपन्या २३० कोटी डॉलरना घेतल्या. २०११ पासून लँड रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू झाली. २०२४ मध्ये रेंज रोव्हरही पुण्यात जुळवली जाणार असे जाहीर झाले. तोवर ती गाडी ब्रिटनमध्ये जुळवली जात होती.

शून्य आणि चार

आता चाकणकडे वळू. चाकण म्हटले की जुन्या माणसांना कांद्याचा बाजार आठवतो आणि त्याआधी संग्रामदुर्ग. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाच्या फौजेपुढे तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. त्याच परिसरात ३१ मार्च २००९ रोजी फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीजही त्याच वर्षी पिंपरीहून चाकणला गेली. पुढे महिंद्राचा मोठा कारखानाही इथेच आला. २००९ च्या अखेरीस फोक्सवागनची ‘पोलो’ चाकणमध्ये तयार होऊ लागली. दाराचा आवाज भरीव. कडेच्या फटी सारख्या. जर्मन कंपनी, जर्मन आराखडा. आमचा मेहुणा या गाडीच्या प्रेमात पडला नसता तरच नवल.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचणीचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवायची आणि आतल्या पुतळ्यांचे काय होते ते मोजायचे, अशी ही चाचणी. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-टेन आणि फोक्सवागन पोलो. जपानी नात्याची, देशी, अमेरिकन, कोरियन आणि जर्मन. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना मिळालेले तारे: शून्य.

जर्मन गाडीला शून्य कसे? कारण त्या पोलोत एअरबॅग नव्हत्या. आपल्या बाजारासाठी किंमत कमी ठेवायची म्हणून साध्या मॉडेलमधून त्या वगळल्या होत्या. संस्थेने मग दोन एअरबॅग असलेली चाकणचीच पोलो तशीच आदळवली. तिला चार तारे मिळाले. कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो भारतातून मागे घेतली.

श्रोतेहो, इथे क्षणभर थांबू या. कारखाना एकच. साचे एकच. पत्रा, वेल्डिंग, लाइनवरची पाळी, कामगार, सगळे एकच. दोन्ही गाड्यांच्या दाराचा आवाजही एकच. एका गाडीत माणूस वाचण्याची शक्यता बरी आणि दुसरीत नाही. हा फरक देशाचा नव्हता आणि कामगाराचाही नव्हता. कुठल्या तरी सभेत, किमतीच्या तक्त्यावर एका ओळीपुढे काट मारली गेली, तो हा फरक होता. आणि ती काट मारण्यात आपलाही हात होता. शोरूममध्ये आपण दार वाजवून पाहिले, मायलेज विचारले, म्युझिक सिस्टिम विचारली. एअरबॅग आहे का, हे विचारणारे फार थोडे होते. कायदाही तेव्हा ते मागत नव्हता.

मात्र या निकालाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर जर्मन अभियंत्यांवर अन्याय होईल. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा धडकेत टिकून राहिला होता. म्हणूनच पोलोला एअरबॅग बसवताच चार तारे मिळू शकले. बाकीच्या तीन गाड्यांचा सांगाडाच इतका कोसळला की नुसत्या एअरबॅग बसवून भागले नसते, असे संस्थेचे म्हणणे होते. म्हणजे चांगल्या आराखड्याची परंपरा ही खरी गोष्ट आहे. ती अनुभवाने, वर्षानुवर्षे गाड्या आदळवून, मिळवलेली असते. पण तिचा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचवायचा की नाही, हा निर्णय वेगळा.

पुढची दहा वर्षे

त्यानंतर जे घडले ते या पट्ट्याच्या दृष्टीने आशादायक आहे. डिसेंबर २०१८ मध्ये टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. ही गाडी फियाटबरोबरच्या भागीदारीतील, आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावच्या कारखान्यातली. जानेवारी २०२० मध्ये पिंपरीत बनणाऱ्या अल्ट्रोजला पाच मिळाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० ला. २०२२ मध्ये चाचणीचे नियम अधिक कडक झाले आणि त्या नव्या नियमांखाली चाकणमध्येच बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवागन टायगुन यांनी पाच तारे मिळवले. २०२३ मध्ये भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ योजना सुरू झाली. तिचे पहिले निकाल त्या वर्षीच्या डिसेंबरात आले, तेव्हा पाच तारे मिळवणाऱ्या हॅरिअर आणि सफारी या दोन्ही गाड्या पिंपरीच्याच होत्या.

२०१४ मध्ये शून्याच्या रांगेत देशी, जपानी, कोरियन, अमेरिकन आणि जर्मन नावे एकत्र उभी होती. आता पाचाच्या रांगेत देशी आणि जर्मन नावे शेजारीशेजारी उभी राहिली. मधल्या काळात आपला देश बदलला नाही, आपला कामगारही बदलला नाही. बदलले काय? चाचणीचे निकाल वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. जुलै २०१९ पासून चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनापुढची नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि जुन्या मॉडेलनाही जानेवारी २०२२ पासून. आणि ग्राहक ताऱ्यांबद्दल विचारू लागला. विचारणारा गिऱ्हाईक आणि मागणारा कायदा असला की तोच कारखाना, तीच माणसे, पाच ताऱ्यांची गाडी बनवतात.

देशाच्या नावावर विसंबणाऱ्यांसाठी तळेगावचे उदाहरणही बोलके आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २००८ मध्ये तिथे कारखाना काढला. २०१७ च्या अखेरीस तिने भारतात गाड्या विकणे बंद केले. तरी तळेगावच्या शेव्हर्ले गाड्या मेक्सिकोला जातच राहिल्या. म्हणजे इथे ज्या गाडीला दुकान उरले नव्हते, तिला परदेशात गिऱ्हाईक होते. २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले आणि त्या लाइनवर घडलेले कामगार रस्त्यावर आले. २०२३ मध्ये कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. भिंती त्याच राहिल्या, दारावरची पाटी बदलली. कंपन्या येतात आणि जातात. दर्जाचे ज्ञान मात्र राहते, ते इथल्या माणसांच्या हातात.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. सगळीच काही मोटारीत बसलेली नव्हती. दुचाकीवरची आणि पायी चालणारी त्यात फार मोठ्या संख्येने होती. तरीही हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला की गाडीचा दर्जा हा नुसता हौसेचा विषय राहात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी घ्यायला जाल तेव्हा दार अवश्य लावून पाहा. त्या आवाजामागे कुणीतरी साचा घासला आहे, कुणीतरी गेज लावले आहे, त्यांची ती पावती समजा. मात्र तेवढ्यावर थांबू नका. गाडी कोणत्या देशाची, हे विचारण्याऐवजी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारा. याच मॉडेलची, मी घेतो आहे त्याच प्रकारची गाडी धडक-चाचणीत कशी उतरली? परदेशात याच गाडीत जे देतात, त्यातले इथे काय काढले आहे? आणि बिघडली तर माझ्या गावात ती कोण दुरुस्त करील?

आणि गाडीचे गाव कोणते, असे कुणी विचारलेच, तर सांगायला हरकत नाही. नाव जर्मनीचे असो, इंग्लंडचे असो की टाटांचे, या पट्ट्यातून निघालेली गाडी बनते ती पहिल्या पाळीला पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहात निगडीच्या, मोशीच्या नाक्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसांच्या हातून. त्यांच्याकडून चांगले काम करवून घ्यायचे की नाही, हे ठरवणारे दोघे. एक कंपनीच्या सभेत बसतो आणि दुसरा शोरूममध्ये दार वाजवून पाहतो.